हार्लेमच्या डॉक्टर बेसी

दात स्वच्छ करून द्यायचे दोन डॉलर, दात काढायचे दोन. चांदी भरायचे पाच, आणि सोनंच भरायचं असेल तर दहा. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत सेव्हन्थ ॲव्हेन्यू आणि 135वा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तिथल्या आपल्या दवाखान्याचा हा दर डॉ. बेसी डिलेनीने 1923 साली ठरवला. 1950 साली तिने व्यवसाय बंद केला तेव्हाही दर तोच होता. मधल्या काळात महामंदी येऊन गेली, दुसरं महायुद्ध होऊन गेलं, दूध-पावापासून घरभाड्यापर्यंत सगळ्याचे भाव चढले. बेसीचे दोन डॉलर मात्र दोनच राहिले. आपलं नीट भागतंय, मग वाढवायचे कशाला, इतका साधा तिचा हिशेब होता. पैसे नाहीत म्हणून तिने कुणाला परतही पाठवलं नाही.

ॲनी एलिझाबेथ डिलेनी हे तिचं पूर्ण नाव. जन्म 3 सप्टेंबर 1891, मृत्यू 25 सप्टेंबर 1995. एकशे चार वर्षांचं आयुष्य. न्यू यॉर्क राज्यात दंतवैद्यकाचा परवाना मिळवणारी ती दुसरी कृष्णवर्णीय स्त्री. तिच्याबद्दल कुठेही दोन ओळी छापून येतात, त्या बहुधा या ‘दुसरी’पाशी सुरू होतात आणि ‘एकशे चार’पाशी संपतात. मला या दोन आकड्यांच्या मधली बेसी जास्त महत्त्वाची वाटते. तिने लग्न केलं नाही, तिला मूलबाळ नव्हतं, आणि तरीही इतकी कुटुंबवत्सल दंतवैद्य मला दुसरी माहीत नाही. तिचं शिक्षण, तिची कमाई, तिने व्यवसाय सोडला ती वेळ, अगदी तिचं म्हातारपणसुद्धा, यातली कोणतीही गोष्ट घराच्या गोष्टीवाचून सांगता येत नाही. आणि त्या घराची गोष्ट गुलामगिरीत सुरू होते.

तिचे वडील हेन्री बिअर्ड डिलेनी 5 फेब्रुवारी 1858 रोजी जॉर्जिया राज्यातल्या सेंट मेरीज या गावी जन्मले, ते दुसऱ्याची मालमत्ता म्हणून. अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल बोलताना चाबूक आणि कापसाची शेतं आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण त्या व्यवस्थेचा आणखी एक भाग होता, आणि माझ्या मते तो जास्त खोल जखम करणारा होता. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती. नवरा एका मालकाचा, बायको दुसऱ्याची असू शकत होती. कर्ज फेडायला मालकाने लेकरू विकलं, तर आईला दाद मागायची जागा नव्हती. कुटुंब नावाची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने तिथे अस्तित्वातच नव्हती.

हेन्रींचं घर त्यातल्या त्यात सुदैवी ठरलं. ती माणसं मालकाच्या घरात राबणारी होती, आणि गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं बेकायदा असतानाही या कुटुंबाला अक्षरओळख झाली होती. 1865 साली गुलामगिरी संपली तेव्हा हेन्री सात वर्षांचे होते. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, 1873 साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकत आलो. जी माणसं मुक्त झाली त्यांनी पुढे काय केलं, मिळालेल्या स्वातंत्र्याचं घर कसं बांधलं, हे मात्र आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही. हेन्री डिलेनी त्या मुक्त झालेल्यांपैकी एक होते.

कुटुंब फ्लोरिडातल्या फर्नांडिना इथे गेलं. हेन्री गवंडीकाम शिकले. एका धर्मगुरूंच्या नजरेला हा मुलगा भरला आणि त्यांच्या मदतीने तो नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरी सेंट ऑगस्टीन्स या शाळेत दाखल झाला. मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी 1867 साली निघालेली ही शाळा. तिथेच त्यांना नॅनी लोगन भेटली. वर्गात पहिली येणारी, व्हर्जिनियातल्या पिट्सिल्व्हेनिया परगण्याची मुलगी.

नॅनीच्या घरची हकिकत मला आणखी विलक्षण वाटते. तिचे वडील जेम्स मिलिअम गोरे शेतकरी होते. आई मार्था लोगन मिश्रवंशीय, म्हणजे कायद्याच्या भाषेत काळी. व्हर्जिनियात गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता. म्हणून या दोघांनी शेजारी-शेजारी दोन घरं बांधली आणि जवळजवळ पन्नास वर्षं एकमेकांशी एकनिष्ठ राहून संसार केला. मिलिअम म्हणजे भीती वाटावी असा दांडगा माणूस. आपल्या बायकोकडे किंवा मुलींकडे वाकड्या नजरेने पाहायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे बेसीच्या वडिलांकडचे आजी-आजोबा गुलाम म्हणून कायद्याने नवरा-बायको नव्हते आणि आईकडचे आजी-आजोबा रंगामुळे नव्हते. हेन्री आणि नॅनी यांचं लग्न 1886 साली सेंट ऑगस्टीन्सच्या आवारातच, रीतसर, चर्चमध्ये लागलं. त्या लग्नाच्या दाखल्याचं मोल त्या घरात काय असेल, याची कल्पना यावरून करावी.

दहा मुलं झाली. लेम्युएल सगळ्यांत थोरला, मग सॅडी, मग बेसी, आणि पाठोपाठ सात. हेन्री शाळेचे उपप्राचार्य झाले, नॅनी शाळेचा सगळा कारभार बघायची, आणि मुलं त्या आवारातच वाढली. विद्यार्थ्यांना हाताशी धरून हेन्रींनी तिथलं दगडी चॅपल उभं केलं. गवंडीकाम ते विसरले नव्हते. 1918 साली ते एपिस्कोपल चर्चचे सहायक बिशप झाले. अमेरिकेत या पदावर निवडले गेलेले पहिले दोन कृष्णवर्णीय त्याच वर्षीचे, त्यांतले एक हेन्री. दहाही मुलं कॉलेजपर्यंत शिकली. एक मुलगा डॉक्टर झाला, एक वकील, एक न्यायाधीश, आणि एक बेसीसारखाच दंतवैद्य.

घरात पैसा मात्र नव्हता. शिकवण्याच्या कामात मान होता, कमाई बेताची. बेसी 1911 साली सेंट ऑगस्टीन्समधून बाहेर पडली तेव्हा वडिलांनी तिला जे सांगितलं ते तिने आयुष्यभर जपलं. कॉलेजात जाणं हे तुझं देशाप्रती, समाजाप्रती आणि स्वतःप्रती कर्तव्य आहे, पण शिष्यवृत्ती घेऊ नकोस, कारण ज्याचे पैसे घेशील त्याची मिंधी होशील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा सल्ला मला फार कडक वाटला होता. हाताशी पैसा नसलेल्या बापाने मुलीला शिष्यवृत्ती नाकारायला सांगणं म्हणजे तिची वाट लांबवणं. आणि वाट लांबलीच. पण सात वर्षांचा होईपर्यंत जो माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्याला ‘मिंधेपण’ या गोष्टीची जी धास्ती होती, ती तुमच्या-माझ्या धास्तीसारखी नव्हती.

म्हणून बेसीने शिक्षिकेची नोकरी धरली. आधी नॉर्थ कॅरोलिनातलं बोर्डमन हे छोटं गाव, मग जॉर्जियातलं ब्रन्झविक. पगारातून पैसे साठवायचे, घरी पाठवायचे, धाकट्यांच्या शिक्षणाला हातभार लावायचा. सॅडीसुद्धा तेव्हा वेक परगण्यातल्या खेड्यांत काळ्यांच्या शाळांवर देखरेख करत हिंडत होती. बुकर टी. वॉशिंग्टन रॅलीला आले की त्यांना गाडीतून या शाळा दाखवायचं काम तिच्याकडे यायचं.

दोघी बहिणी स्वभावाने दोन टोकं. सॅडी गोड बोलून, न ऐकल्यासारखं करून आपलं काम साधायची. बेसीला वडील ‘क्वीन बेस’ म्हणायचे, कारण ती जन्मजात कुणापुढे वाकणारी नव्हती. दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना वेगळं करणारे कायदे आले तेव्हा या मुली पाच-सात वर्षांच्या होत्या. रॅलीच्या पुलेन पार्कला ट्रॅमने जाताना नेहमी त्या पुढे बसत, वाऱ्यावर केस उडवत. एक दिवस त्यांना मागे बसायला सांगण्यात आलं. बागेतल्या झऱ्यावर मधोमध पाटी लागली, एक बाजू गोऱ्यांची, एक काळ्यांची. लहानग्या बेसीने सगळ्यांच्या देखत गोऱ्यांच्या बाजूचा डोया उचलला आणि त्याच पाण्यात बुडवून प्यायली. पाणी एकाच झऱ्याचं होतं. महाडच्या तळ्यावर सत्याग्रह झालेल्या मुलखातल्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

हाच स्वभाव एकदा तिच्या जिवावर बेतला. ब्रन्झविकला जाताना जॉर्जियातल्या वेक्रॉस स्टेशनवर गाडी बदलायची होती. काळ्यांसाठीच्या प्रतीक्षालयात ती केस मोकळे करून विंचरत बसली होती. एक दारू प्यालेला गोरा आत डोकावून लघळपणे बोलू लागला. बेसीने त्याला खडसावलं. तो बाहेर जाऊन ओरडत सुटला की एका काळ्या बाईने माझा अपमान केला. फलाटावर माणसं जमू लागली. त्या काळी दक्षिणेत एवढं कारण झाडाला लटकवायला पुरत असे. गाडी वेळेवर आली म्हणून ती वाचली. बरोबर असलेल्या इतर शिक्षिका भेदरून गेल्या होत्या. बेसीला मात्र आपण बोललो याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही.

1918 साली ती न्यू यॉर्कला आली. सॅडी आधीच तिथे होती, मग एकेक करत भावंडं येत गेली. हार्लेममधल्या तीन खोल्यांच्या घरात पाच भावंडं राहू लागली, भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आपल्याकडे गावातून मुंबईला आलेल्या भावंडांनी जसं बिऱ्हाड केलं, तसंच ते होतं. एकाचा पाय जमिनीवर टेकला की दुसऱ्याला वर ओढायचं. गिरणीऐवजी तिथे कॉलेज होतं, इतकाच फरक.

बेसीला न्यू यॉर्क विद्यापीठात दंतवैद्यक शिकायचं होतं, पण तिथे त्या शाखेत बायकांना घेत नव्हते. मग 1919 साली तिने कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. याच कोलंबियात 1913 ते 1916 या वर्षांत भीमराव आंबेडकर शिकून गेले होते. दोघांची गाठ पडली नाही, तीन वर्षांचं अंतर पडलं. पण ज्या मॅनहॅटनमध्ये आंबेडकर शिकत होते, त्याच्याच उत्तरेकडच्या हार्लेममध्ये तेव्हा दक्षिणेतून आलेली हजारो डिलेनी कुटुंबं बिऱ्हाडं मांडत होती. पुढे 1946 साली आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. हे डू बॉइस म्हणजे बेसीचे आदर्श. सॅडीला सबुरीने घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन पटायचे, बेसीला थेट भिडणारे डू बॉइस. या मुद्द्यावर दोघी बहिणींचा वाद शंभरीपर्यंत मिटला नाही.

कोलंबियातल्या तिच्या वर्गात सुमारे 170 जण होते. बायका 11, काळे पुरुष पाच-सहा, आणि काळी बाई एकटी बेसी. एकदा एका प्राध्यापकाने तिचं प्रात्यक्षिकाचं काम नापास केलं. काम चांगलं होतं हे तिला ठाऊक होतं. वर्गातल्या एका गोऱ्या मैत्रिणीने सुचवलं, तेच काम मी माझं म्हणून दाखवून बघते. दाखवलं, आणि ते पास झालं. पदवीदानाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालण्याचा मान वर्गाने बेसीला दिला, तेव्हा ती आधी हरखून गेली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या आईबापांच्या देखत हिच्या शेजारून चालायला कुणी तयार नव्हतं, म्हणून हिला एकटीला पुढे काढलं. 1923 साली तिच्या हातात पदवी आली तेव्हा ती बत्तिशीच्या उंबरठ्यावर होती.

इथे मला एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच 1923 साली मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर एका तरुण स्त्रीने दातांचा दवाखाना उघडला. कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांच्या दंत महाविद्यालयात शिकून आलेली ही स्त्री म्हणजे फातिमा जिना. वयाने बेसीहून दोन वर्षांनी धाकटी. तिनेही लग्न केलं नाही. 1929 साली वहिनी रत्तीबाई जिनांचं निधन झाल्यावर भावाच्या घराची जबाबदारी घेण्यासाठी तिने दवाखाना बंद केला आणि पुढचं आयुष्य भावाच्या राजकारणाशी बांधलं. दोघींनी एकमेकींचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण त्या काळात बाईच्या हातात पदवी आली, तरी तिच्या व्यवसायाचं भवितव्य घरातल्या कुणाच्या आजारपणावर किंवा मरणावर ठरायचं. बेसीच्या बाबतीतही शेवटी तेच झालं, फक्त वीस वर्षं उशिरा, आणि तिने ते स्वतः हिशेब करून ठरवलं.

दवाखाना चालला तो काळ हार्लेमच्या वैभवाचा. 135व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात कवी आणि लेखक जमत. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच 1925 साली ‘स्मॉल्स पॅराडाइज’ हा नाइटक्लब निघाला आणि रात्र-रात्र संगीत वाजू लागलं. दंतवैद्य झालेला भाऊ हॅरी बेसीबरोबरच दवाखाना चालवायचा. त्या काळी बाई दात काढणार म्हटलं की पुरुष रुग्ण बिचकायचे. दात उपटायला लागतं ते मनगटातलं बळ बाईकडे कुठून येणार, असा त्यांचा प्रश्न. पण एकदा खुर्चीत बसून गेलेला माणूस पुन्हा यायचा. वस्तीत सगळे तिला ‘डॉक्टर बेसी’ म्हणायचे.

संध्याकाळी रुग्ण संपले की तिथे चळवळीतली माणसं जमायची. त्यांत समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर असत. याच फ्रेझर यांनी 1939 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबावरचा मोठा ग्रंथ लिहिला आणि गुलामगिरीने कुटुंबाची कशी वाताहत केली ते मांडलं. त्यांच्या या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. मला मात्र वाटत राहतं की ज्या खोलीत ते बसायचे, तिथे वाताहतीतून कुटुंब पुन्हा कसं उभं राहतं याचा पुरावाच हातात चिमटा घेऊन उभा होता.

लग्नाचा विषय निघे. बेसी देखणी होती, मागण्या येत होत्या. पण तेव्हा शिकलेल्या बाईला नवरा किंवा व्यवसाय यांतलं एक निवडावं लागायचं, आणि ज्या पदवीसाठी कित्येक वर्षं शिक्षिकेच्या पगारातून पैसे साठवले होते, ती पदवी ती संसारापुढे ठेवायला तयार नव्हती. सॅडीनेही लग्न केलं नाही. शिक्षण खात्याने हायस्कुलातल्या नेमणुकीसाठी सॅडीला प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलं, तेव्हा ती मुद्दाम गेलीच नाही. नेमणुकीचं पत्र आलं आणि पहिल्या दिवशी ती थेट वर्गावर हजर झाली. तिचा रंग बघून सगळे चकित झाले, पण तोवर उशीर झाला होता. न्यू यॉर्कच्या सरकारी हायस्कुलात गृहशास्त्र शिकवणारी ती पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका ठरली. मंदीच्या वर्षांत लोकांकडे दातांवर खर्च करायला पैसे नव्हते, बेसीची कमाई आटली. तेव्हा सॅडीचा ठरावीक पगार घराला तारून गेला. ‘तुझे’ आणि ‘माझे’ असे पैसे या दोघींत नव्हतेच.

1928 साली वडील गेले. आई नॅनी मुलांजवळ न्यू यॉर्कला आली. दोघी मुलींनी तिची जबाबदारी घेतली आणि पुढे ब्राँक्समध्ये छोटं घर घेतलं. मागे अंगण, त्यात भाजीपाला. आईने नव्वदीकडे वाटचाल सुरू केली तेव्हा तिला दिवसभर एकटं ठेवणं अवघड झालं. दोघींपैकी एकीने काम सोडायला हवं होतं. सॅडी सरकारी शिक्षिका, तिला काही वर्षांत पेन्शन लागणार होतं. बेसीचा स्वतःचा व्यवसाय, तिला पेन्शन कुठून येणार? त्यामुळे कुणी सोडायचं हे उघड होतं. 1950 साली, साठी गाठायच्या आधीच, डॉक्टर बेसीने दवाखाना बंद केला.

या निर्णयाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. कोलंबियात एकटीने लढून मिळवलेली पदवी, सत्तावीस वर्षं जपलेला हातगुण, आणि तो आईच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवायचा. आजची वाचक कदाचित हळहळेल, आणि ती हळहळ मला समजते. आपल्याकडे कितीतरी हुशार बायकांची कामं अशीच घराच्या आजारपणात बुडाली, आणि त्यांना विचारायचीही तसदी कुणी घेतली नाही. बेसीच्या बाबतीत फरक पडतो तो इथे की काम कुणी सोडायचं हे दोन कमावत्या बहिणींनी समोरासमोर बसून ठरवलं. आणि हेही विसरता येत नाही की त्या घराण्यात आईची सेवा करायला मिळणं ही एका पिढीपूर्वीपर्यंत गृहीत धरायची गोष्ट नव्हती. गुलामांच्या आया म्हातारपणी कुणाच्या हाताखाली मेल्या, हे त्यांच्या मुलांना कळतही नसे. नॅनी 1956 साली गेली ती मुलींच्या घरात.

पुढच्याच वर्षी, 1957 साली, दोघी न्यू यॉर्कच्या शेजारच्या माउंट व्हर्नन इथल्या घरात राहायला गेल्या. पाठीमागची बाग बेसीची. भाऊबहीण, भाचे-पुतणे, त्यांची मुलं यांची वर्दळ असायची. भाऊ ह्यूबर्ट पूर्वी न्यायाधीश होता. 1960 साली अलाबामात मार्टिन लूथर किंग यांच्यावर करचुकवेगिरीचा खोटा खटला भरला गेला, तेव्हा किंग यांच्या वकिलांत ह्यूबर्ट डिलेनी प्रमुख होते, आणि सगळ्या गोऱ्या ज्युरीने किंग यांना निर्दोष सोडलं. सगळ्यांत धाकटा भाऊ सॅम्युएल हार्लेममध्ये अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचा. त्याचा मुलगा म्हणजे विज्ञानकथालेखक सॅम्युएल आर. डिलेनी.

दोघी बहिणींचा दिनक्रम ठरलेला. सकाळी लसणाची पाकळी बारीक चिरून गिळायची, त्यावर चमचाभर कॉडलिव्हर तेल. दिवसाला सात प्रकारच्या भाज्या. घरात टेलिफोन नव्हता, तो त्यांनी घेतलाच नाही. आणि योगासनं! आई असतानाच सॅडीने तिच्याबरोबर सुरुवात केली, बेसी ऐंशीची झाल्यावर सामील झाली. शंभरी गाठलेल्या त्या दोघी माउंट व्हर्ननच्या बैठकीच्या खोलीत आसनं करत, हे वाचून मला फार आनंद झाला होता. 1920 साली अमेरिकेत बायकांना मताधिकार मिळाला तेव्हापासून मतदान चुकवायचं नाही, हाही नेम होता.

सगळ्या नेमांत मला प्रिय आहे तो 5 फेब्रुवारीचा. वडिलांचा वाढदिवस. ते गेल्यानंतरही दोघी दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या आवडीचा स्वयंपाक करत. कोंबडीचा रस्सा, भात, रताळी, कोबी, चीज घातलेली मॅकरोनी, आणि शेवटी केक. गुलाम म्हणून जन्मलेल्या मुलाच्या जन्माची तारीख मालकाच्या हिशेबाच्या वहीत गुराढोरांबरोबर नोंदली जायची. त्या तारखेला त्याच्या मुली शंभरीत केक कापत होत्या.

1991 साली, सॅडी 102 आणि बेसी 100 वर्षांची होत असताना, एमी हिल हर्थ ही तरुण गोरी पत्रकार त्यांना भेटायला आली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये तिचा लेख आला, त्यातून पुस्तकाची कल्पना निघाली आणि 1993 साली ‘हॅविंग अवर से’ हे दोघी बहिणींचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. एक प्रकरण सॅडी सांगते, एक बेसी, काही दोघी मिळून. मी इथे सांगितलेलं बरंच काही त्या पुस्तकामुळेच जगाला कळलं. पुस्तक प्रचंड खपलं. बेसीच्या बोलण्यात अजून तोच तिखटपणा होता. झालेल्या अन्यायांची नावं ती स्पष्टपणे घेते, कुठे मऊ करत नाही, आणि आपल्या रागापायी देव आपल्याला स्वर्गात घेईल की नाही, अशी काळजीही मनापासून करते.

1995 च्या वसंतात एमिली मॅन यांनी केलेलं त्याचं नाट्यरूपांतर ब्रॉडवेवर आलं. नाटकात दोघी बहिणी प्रेक्षकांशी बोलता-बोलता वडिलांच्या वाढदिवसाचा स्वयंपाक करतात, रंगमंचावर, खराखुरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेसी आपल्या घरी झोपेतच गेली. तिला रॅलीला नेऊन आपल्या माणसांजवळ पुरलं.

सॅडी तेव्हा नुकतीच 106 वर्षांची झाली होती. ती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा बेसी जन्मली, त्यामुळे बेसीवाचूनचा एकही दिवस तिच्या आठवणीत नव्हता. 1997 साली तिचं ‘ऑन माय ओन ॲट 107’ हे छोटं पुस्तक आलं, त्यात ती थेट बेसीशी बोलते. 25 जानेवारी 1999 रोजी, 109व्या वर्षी, सॅडी गेली. त्या एप्रिलमध्ये ‘हॅविंग अवर से’वरचा चित्रपट अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. सॅडीचं काम डायहान कॅरोलने केलं होतं, बेसीचं रूबी डीने. दोघीही हार्लेममध्ये लहानाच्या मोठ्या झालेल्या, आणि रूबी डीचं बालपण तर डॉक्टर बेसीचा दवाखाना ऐन भरात होता त्याच वर्षांतलं.